बारा पॉइंट नव्वद

१ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठी कामं करणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात, नाहीतर श्रेय भलतेच लोक घेऊन जातात.

लॉर्ना कुकेलने अखेर होकार दिला. कूंगा प्लेन्सच्या ड्रॅग पट्टीची, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या रस्त्याची, ती मॅनेजर. छोट्या, सुधारलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग, आणि त्याचा प्रमुख मी, नेव्ह ट्रेम्बाथ. तिचे नेमके शब्द: बाबा रे, एवढं डोकं खातोस तर तूच बघ. (नेमणूक म्हणायची ती हीच.)

अट एकच. चार रविवार मिळतील. चौथ्या रविवारी, म्हणजे ७ मेला, आठ गाड्या भरल्या तर पुढच्या वर्षी वर्ग कायम. नाही भरल्या तर तो वेळ बर्नआउटवाल्यांना. जागच्या जागी उभं राहून टायर जाळणाऱ्या लोकांना!

सत्तावीस वर्षं मोटारींच्या सीटची शिलाई तपासली. कारखान्याने घरी बसवल्यापासून दीड वर्ष काहीच तपासलेलं नाही. आता हे आहे.

दुपारी डब्यातलं टोमॅटो सूप. बायको, ग्लेनिस, पोर्ट पिरीला बहिणीकडे आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं जानेवारीत. दोन आठवड्यांत येईल.

४ फेब्रुवारी, शनिवार

पत्रकाचा मसुदा केला. तो असा:

‘आमच्या शर्यतीत आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल, ते चालक स्वतः काचेवर लिहितो. दोन गाड्यांत जी हळू, तिला दोघींच्या आकड्यांतल्या फरकाइतके सेकंद आधी सोडतात. लिहिल्याहून लवकर पोचलात तर बाद. लिहिलेलं गाठता आलं नाही, तर समोरचा आधीच पोचलेला असतो. थोडक्यात, इथे वेगवान माणूस जिंकत नाही, स्वतःला ओळखणारा जिंकतो.’

शेवटचं वाक्य फार सुरेख उतरलं आहे. दोनदा मोठ्याने वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं.

लॉर्नाची एक पोटअट निघाली. जी गाडी लिहिलेल्या वेळेच्या अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर येईल तीच मोजणार. गेल्या वर्षी मोटारसायकलवाल्यांनी संख्या भरायला गवत कापायचं यंत्र उभं केलं होतं म्हणे. तेव्हापासून बाईचा माणसांवरचा विश्वास उडाला आहे. चांगली अट आहे. नवशिक्यांना शिस्त लागेल.

१२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६

पहिला रविवार. काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने आकडा लिहिला: १२.९०. अक्षर उत्तम.

गाडीने अजून बारा पॉइंट नव्वद काढलेले नाहीत. पण मासिकात अगदी अशीच जपानी हॅचबॅक होती, तिने काढले. रंगही हाच. शिवाय गाडीलाही समोर काहीतरी ध्येय लागतं.

तोच दिवस. संध्याकाळी ५

अकरा गाड्या आल्या! सुरुवात दणदणीत.

पलीकडे व्ही-एटवाला, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या गाडीचा, किम नोस्के नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, काय नेव्ह, शिवणयंत्रं आली का रे सगळी? माझ्या पँटची शिवण उसवलीय, जरा मारून दे. त्याच्या बायकोलाही हसू आलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग तो पुन्हा मोठ्याने म्हणाला.

पहिल्याच फेरीत माझी गाठ लिएन फामशी. चाळिशीची बाई, सॅलिसबरीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तेराशे सीसीची पांढरी गाडी. सुधारणा म्हणजे काय, तर स्प्रिंग बसके केलेत आणि सायलेन्सर बदललाय. काचेवर तिने लिहिलं होतं १७.८५. एवढा आकडा मला चारचौघांत लिहिता आला नसता.

नियमानुसार ती निघाली आणि मी पाच सेकंद जागीच उभा. पाच सेकंद पुष्कळ असतात. तिच्या मागच्या काचेवर दुकानाचा फोन नंबर आहे, तो पाठ झाला.

ती १७.८८. मी १४.६२. म्हणजे गाडी वेगवान माझी आणि जिंकली ती. मी पोचलो तोवर तिचे ब्रेकचे दिवे विझलेही होते. तापमान एक्केचाळीस होतं. अशा हवेत इंजिनात हवा कोंबणारा टर्बो काय करणार.

१३ फेब्रुवारी, सोमवार

लॉर्नाचा फोन. दहा गाड्या मोजल्या म्हणाली. मी म्हटलं अकरा होत्या. ती म्हणाली, अकरावी तुझी, नेव्ह. तू लिहिलंस बारा पॉइंट नऊ आणि आलास जवळजवळ पावणेदोन सेकंद उशिरा. तेवढ्यात मी चहा गाळून घेते.

तांत्रिक मुद्दा. वाद घातला नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

वर्गाची नियमावली पूर्ण. चौदा पानं. नियम ६: शर्यतीआधी पायाखालच्या चटया काढाव्यात. नियम ११: काचेवरचा आकडा चार इंच उंच, सरळ उभा. नियम १९: शर्ट खोचलेला. वाढ व्हायची असेल तर आधी दर्जा. कारखान्यातही मी हेच म्हणायचो. तिथे वाढ झाली नाही, हा भाग वेगळा.

ग्लेनिसचा फोन. जेवतोस ना, विचारलं. जेवतो म्हटलं. मग मी तिला नियम १९ वाचून दाखवला. ती म्हणाली, बरं नेव्ह, ठेवते. गुडघा अजून सुजलेला आहे.

१२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

दुसरा रविवार. दहा गाड्या आल्या. तपासणी मी स्वतः केली, हातात पाटी घेऊन. बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं.

तीन गाड्या बाद कराव्या लागल्या. एकाचा आकडा तिरपा. उरलेल्या दोन हद्दाद बंधूंच्या, दोघांच्याही गाडीत चटया. थोरला फादी म्हणाला, काका, ही चटई माझ्या आईने तिच्या हाताने घातलीय, काढायची तर घरी येऊन तिला तुम्ही सांगा. मी म्हटलं, नियम सहा. तो म्हणाला, तिच्याकडे नियम एकच आहे काका, आणि तो चपलेचा आहे.

लोक हसले. मी पाटीवर फुली मारली. दोघे भाऊ सावलीत बसले, घरून आणलेली, झातर म्हणजे तिळाचा मसाला लावलेली रोटी खाल्ली, मलाही एक दिली आणि निघून गेले. रोटी चांगली होती.

माझी वेळ १४.८८. काचेवर अर्थात १२.९०. पहिल्याच फेरीत बाहेर. उलटा वारा होता. लिएन म्हणाली, सगळ्यांनाच होता, ती फक्त तीन शतांशांनी चुकली. पण तिची गाडी हळू, तिला वारा कमी लागतो.

१४ मार्च, मंगळवार

लॉर्नाने मोजलेल्या गाड्या: सहा. म्हणाली, बाबा रे, दहावरून सहा. वर्ग वाढवायला घेतलायस की आटवायला?

तिला दर्जा हा शब्द समजावून सांगितला. तिने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण मागे क्रिकेटची कॉमेंट्री स्पष्ट ऐकू येत होती. एक विकेट पडली. मग मीही ऐकत बसलो.

२ एप्रिल, रविवार

संकल्प:
रोज सकाळी चालणे.
इंजिन उघडून पाहणे.
ग्लेनिसला पत्र लिहिणे. फोनवर तिला घाई असते.

यातलं चालणं सोमवारपासून. इंजिन उघडायची तशी गरज वाटत नाही. टर्बोची शिट्टी हल्ली लांबपर्यंत ऐकू येते, पूर्वी येत नसे. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

९ एप्रिल, रविवार. दुपारी ४

तिसरा रविवार. गाड्या पाच, माझी धरून. तपासणी लवकर आटोपली.

माझी वेळ १५.१०. शिट्टी मात्र जोरात. किम नोस्के म्हणाला, नेव्ह, कुकर झाला वाटतं, बंद कर गॅस.

लिएन गाडीशी आली. म्हणाली, शिट्टी नाही ती, हवा गळतेय, पाइप फाटलाय कुठेतरी. मी म्हटलं, तुमचं दुकान औषधांचं. ती म्हणाली, हो, आणि रोज लोक येऊन मला सांगतात की खोकला नाही, घसा नुसता खाकरतोय.

मग काचेकडे बघत म्हणाली, नेव्ह, तुमची गाडी चांगली आहे हो. आकडा दुसऱ्याच गाडीचा आहे.

मी फडक्याने काच पुसली, आकडा सोडून. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

१० एप्रिल, सोमवार

लॉर्ना: मोजलेल्या गाड्या चार. ७ मेला आठ झाल्या नाहीत तर तिचा नाइलाज आहे. बर्नआउटवाले रोज फोन करतात, शिवाय ते गोड बोलतात.

टोस्ट. पुन्हा टोस्ट. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून. चालणं राहिलं.

१६ एप्रिल, ईस्टरचा रविवार

सकाळी अकराला दारावर लिएन. हातात बेदाणे घातलेले ईस्टरचे पाव. दुकानात उरले होते म्हणाली. औषधांच्या दुकानात पाव का उरतील, ते विचारलं नाही.

स्वयंपाकघरात बसली. टेबलावर नियमावली, पंधरा प्रती. खुर्ची एकच मोकळी होती, दुसरीवर ग्लेनिसची मासिकं आहेत, म्हणून मी उभा राहिलो. तिने पावांना लोणी लावलं आणि कामाचंच बोलली.

तिचं म्हणणं: ती हद्दाद बंधूंना फोन करेल, आकडा तिरपा म्हणून गेला त्यालाही. सगळे येतील. पण एक रविवार नियमावली घरी ठेवा. आणि काचेवर तेच लिहा, जे गाडी खरंच काढते. आठ पुरेपूर होताहेत, नेव्ह, आठवी तुमची. तुम्ही चुकलात की सगळे चुकलो. मला महिन्यातून एक रविवार मिळतो जिथे कुणी माझ्याकडे दुखणं घेऊन येत नाही. तो मला हवाय.

मी विचार करायला वेळ मागितला. ती म्हणाली, घ्या, मी पाव खाते. दोन खाल्ले. मग मी संमती दिली. प्रमुखाला कधीकधी उदार व्हावं लागतं.

ती गेल्यावर उरलेला पाव उभ्यानेच खाल्ला.

२५ एप्रिल, मंगळवार

अँझॅकची, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी. पहाटेच्या मानवंदनेला जायचं ठरवलं होतं. उठलो नाही.

ग्लेनिसचा फोन. पोर्ट पिरीच्या वाचनालयात तिला नोकरी लागली आहे. म्हणाली, नेव्ह, तुला सगळं लिहून ठेवायची सवय आहे ना, मग हेही लिही: मी परत येत नाहीये. लिहिलंस?

लिहिलं. ग्लेनिस घाईत बोलते. गुडघा पूर्ण बरा झाला की निवांत बोलेल. हिवाळ्याचे कोट पाठव म्हणाली. पोर्ट पिरीला समुद्राचा वारा असतो.

२९ एप्रिल, शनिवार

इंजिन उघडून पाहणार होतो. बॉनेट उघडलं. सगळं जागेवर दिसलं. बंद केलं.

कोट पोस्टात टाकले. चार होते. इतके आहेत हे माहीत नव्हतं.

६ मे, शनिवार

लिएनचा फोन. यादी पक्की. फादी आणि त्याचा भाऊ येताहेत, चटयांसकट. तिचा मावसभाऊ नववा येणार होता, म्हणजे हाताशी एक जास्त, पण त्याचा गिअरबॉक्स आजच गेला. तेव्हा आठ म्हणजे आठच. म्हणाली, उद्या सकाळी सरावाच्या दोन धावा काढा, जे येईल ते लिहा, बस.

हो म्हटलं.

नंतर शांतपणे विचार केला. सराव म्हणजे स्वतःच्या गाडीवरचा अविश्वास. शिवाय इंजिन तापतं. पण आकड्याचा शब्द दिलाय, तो पाळणार. १२.९० सोडतो आहे. सोपं नाही ते. तीन महिने सोबत होता तो आकडा.

७ मे, रविवार. सकाळी १०

आठही गाड्या आल्या. हवा थंड, वारा नाही. बहाणा कुणालाच नाही. (मला लागत नाहीच.)

फादीने लांबूनच हात केला. म्हणाला, काका, चटई धुऊन आणलीय खास तुमच्यासाठी, तपासा. सगळे हसले, मीही हसलो. पाटी आणली नव्हती, हाताला काही काम नव्हतं.

सरावाला सगळे गेले. मी नाही गेलो.

सकाळी ११.२०

काच पुसली. १२.९० सहज निघाले.

लिएन बाजूला उभी होती. म्हणाली, गेल्या वेळचे पंधरा पॉइंट एक लिहा, किंवा पंधरा पॉइंट दोन लिहा, दोनच लिहा, शिट्टी वाढलीय. मी म्हटलं, एप्रिलचं सोडा, त्या दिवशी मनःस्थिती बरी नव्हती. गाडीची, की माझी, असं तिने विचारलं नाही.

मी लिहिलं १४.६०.

फेब्रुवारीत १४.६२ काढले होते, त्यात दोन शतांश हवेच्या गारव्याचे. म्हणजे सिद्ध झालेला आकडा. तेराही नाही, बाराही नाही. आयुष्यात इतका नम्र आकडा मी कधी लिहिला नव्हता. लिएन आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बघा हं नेव्ह. आणि आपल्या गाडीकडे गेली.

दुपारी १.४५

१५.३१.

वेळेची चिठ्ठी देणाऱ्या माणसाने चिठ्ठी दिली आणि माझ्याकडे न बघता पुढच्याला हाक मारली. एकाहत्तर शतांशांचा फरक. सूट पन्नास शतांशांची.

पट्टीवरून परतीच्या रस्त्याने हळू येताना शिट्टी येतच होती. पाइप खालच्या बाजूने वीतभर फाटलेला आहे. लिएननेच वाकून दाखवला. काळ्या चिकटपट्टीनेही भागलं असतं म्हणाली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

किम नोस्केने आज काही विनोद केला नाही. खुर्चीतून उठला, म्हणाला, बस जरा. बसलो.

दुपारी ३

लॉर्ना स्वतः आली, हातात यादी. सात, म्हणाली. मग थांबून म्हणाली, तुझ्यासाठी मी दोनदा बेरीज केली रे.

बाकी सातही जण अर्ध्या सेकंदाच्या आतच होते. फादी तर एका शतांशाने चुकला. त्याच्या भावाने मला सॉसेज आणून दिलं, पावात गुंडाळून, कांदा घालून. सगळे माझ्याशी अगदी नीट वागत होते. दवाखान्यात वागतात तसं.

८ मे, सोमवार

यशापयशाचा आढावा घेणार होतो. जमेची बाजू: वर्ग चार रविवार चालला. अक्षराची सगळ्यांनी तारीफ केली.

दुसऱ्या बाजूचं नंतर.

दिवसभर काही झालं नाही.

११ मे, गुरुवार

काही नाही.

२१ मे, रविवार. सकाळी ९

लिएनचा निरोप आला, फोनवर, लिखित. मरे नदीकडच्या एका पट्टीवाल्याशी तिने बोलणं केलंय. तिथे आठची अट नाही, नियमावलीही नाही. फादी आणि त्याचा भाऊ मिळून बारा जणांना घेऊन येताहेत, मावसभाऊही. पहिली शर्यत १८ जूनला. प्रमुख कुणीच नाही. तिने लिहिलं होतं: तुम्हीही या. पाइप फादी बदलून देईल. फक्त काचेवरचा आकडा मी लिहीन. कळवा किती लिहू.

सकाळी ९.३०

१८ जूनला मोकळा आहे का ते बघावं लागेल. बघितलं. आहे. १७ आणि १९लाही आहे.

वर्गाची अखेर वाढ झाली, हे नोंदवून ठेवतो. आठवरून बारा. बी कुणी पेरलं, ते लोकांना कळेलच.

सकाळी १०.१०

आकड्याचा शांतपणे विचार केला. स्वतःला फसवायचं नाही असं ठरवून बसलो. १५.३१ ही शेवटची धाव, ती फाटक्या पाइपची. नवा पाइप म्हणजे निदान पाऊण सेकंद. नदीकाठची गार हवा, पाव सेकंद. तरीही सावधगिरी म्हणून त्यातलं थोडं मागे ठेवलं. कळवलं: १४.५५.

सकाळी १०.१२

तिचं उत्तर: १५.३० लिहिते.

सकाळी १०.४०

बरं म्हणून कळवलं.